धार लावणे, धार राखणे

समीक्षेत 'धारदार' हे विशेषण इतक्या सढळ हाताने वाटले जाते, की धार म्हणजे नेमके काय, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते हा प्रश्न आधी स्वयंपाकघरातल्या सुरीला विचारावा.

'धार लावणे' या एकाच शब्दप्रयोगात आपण दोन वेगळ्या क्रिया कोंबल्या आहेत. रोजच्या वापरात सुरीची कड झिजण्याआधी बहुधा दुमडते. डोळ्यांना न दिसणारी ही दुमड पोलादी सळईवर, साधारण 20 अंशांच्या कोनात, दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने चार-सहा वेळा पाते फिरवले की सरळ होते. धातू फारसा जात नाही. निसण्यावर मात्र पोलाद घासून काढून नवी कड घडवावी लागते. पहिले काम नित्याचे, दुसरे क्वचितचे. आपण पहिले टाळतो आणि सुरी पुरती बोथट झाली की धारवाल्याच्या चाकाखाली देतो. कोरड्या चाकावरच्या ठिणग्या पाहायला बऱ्या वाटतात. पण कड तापून निळी पडली, की तिचे पाणी उतरलेच म्हणून समजावे. (पोलादाच्या कसाला 'पाणी' म्हणणाऱ्या भाषेचे आम्हांला फार अप्रूप आहे.)

सळई सर्वांना मानवते असेही नाही. पुष्कळशा जपानी सुऱ्यांचे पोलाद अधिक कठीण, म्हणूनच ठिसूळ; खरखरीत सळईवर त्यांच्या कपच्या उडतात. त्यांना भिजवलेला दगडच हवा.

2020 साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की पोलादाहून सुमारे 50 पट मऊ असलेला केसही वस्तऱ्याच्या कडेची कपची उडवू शकतो. पोलादाची अंतर्रचना सर्वत्र एकसारखी नसते, आणि कच्च्या जागी केस नेमक्या कोनात वाकला की पुरते. प्रखर विरोधानेच प्रतिभा बोथट होते, असे मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

शेवटी एक शब्दाची गोष्ट. 'शस्त्रे परजली' हे 'शस्त्रांना धार लावली' या अर्थाने आज सर्रास छापले जाते. परजणे म्हणजे उगारून फिरवणे. धार लावण्यासाठी पाजवणे, पाजळणे ही क्रियापदे आहेत. साहित्याच्या वर्गात हा भेद एकदा फळ्यावर लिहावा आणि ज्या लेखाला आपण धारदार म्हटले, त्याच्या लेखकाने लेखणी पाजळली होती की नुसतीच परजली होती, हे विद्यार्थ्यांना विचारावे.