विहिरीचे रान आणि कॉम्प्युटरची डिग्री



२०२५ च्या जूनमध्ये आमच्या मंडलातले एक बागायतदार सातबारा घेऊन कार्यालयात आले. मला वाटले, ठिबकच्या अनुदानाचे काम असेल. ते म्हणाले, "साहेब, विहिरीजवळचे एक एकर विकावे म्हणतो. पोरगी बारावी सायन्स झाली. तिला कॉम्प्युटर इंजिनिअर करायचे. एजंट खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्याची जागा देतो म्हणतो."

"पोरीचे काय म्हणणे?"

"तिला काय विचारायचे? शेजाऱ्याचा पोरगा पुण्यात लागला, बंगला बांधला त्याने."

शेजाऱ्याला कांद्यात पैसे झाले म्हणून सारा गाव कांदा लावतो, मग भावाचे काय होते हे तुम्हाला ठाऊकच आहे. नोकरीचेही तसेच. २०२१-२२ साली कंपन्यांनी भराभर पोरे घेतली, २०२३ पासून हात आखडला. २०२५ साली देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने बारा हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. साधे प्रोग्राम आता यंत्रही लिहिते. म्हणून डिग्री वाया गेली असे नाही. बँक, साखर कारखाना, दूध संघ, सगळीकडे संगणक आहेच. पण नुसत्या कागदाला भाव नाही, कसबाला आहे.

तेव्हा पेरणीआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, जमीन. मुलाला गणित आवडते का? एकच गणित तासभर धरून बसायची चिकाटी आहे का? मोबाइल भराभर चालवता येणे म्हणजे संगणकाची आवड नव्हे.

दुसरी, बियाणे. पिशवीवरच्या चित्रावर जाऊ नका. कॉलेजात जाऊन शेवटच्या वर्षाच्या मुलांना भेटा. याच शाखेतल्या किती जणांना, किती पगारावर नोकरी लागली, ते विचारा.

तिसरी, खर्च. सीईटी देऊन कॅप फेरीतून जागा घ्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना, घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र घरचाच धरा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचीही वाट आहे. कर्ज काढलेच, तर शिकत असतानाही व्याज चढत असते, हे विसरू नका.

हे सारे मी त्यांना सांगितले. आठ दिवसांनी ते मुलीला घेऊनच आले. पोरगी धीट होती. म्हणाली, "काका, मला गणित आवडतं. पण आईचं विहिरीचं रान विकून मला शिकायचं नाही. कॅपमध्ये मिळेल तिथं जाईन."

तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटरची जागा मिळाली. खानावळीचा खर्च दोन म्हशींच्या दुधावर भागतो. पुढे नोकरी लागेलच, अशी हमी मी दिली नव्हती, आजही देत नाही. मात्र उद्या काही कमीजास्त झाले, तरी एक एकर बागायत घरात आहे.

तुमच्या घरात कोणी बारावीला असेल, तर आज जेवताना त्याला एवढेच विचारा: बाळा, तुला काय आवडते?