आधी नब्ज पाहा, मग गॅस भरा

व्यापाऱ्याची गाडी म्हणजे त्याचे फिरते दुकान. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल, इचलकरंजीचे सुती कापड, भिवंडी-मालेगावचा माल, हे सर्व आज आमचे बहुतेक छोटे व्यापारी स्वतःच्या व्हॅनमधून किंवा मोटारीतून आणतात. इंजिन बिघडले तर आम्ही तत्काळ मिस्त्रीकडे धावतो. परंतु गाडीच्या आतील हवेकडे आमचे लक्ष जात नाही, आणि गेलेच तर एकच ठरलेली तक्रार आणि एकच ठरलेला इलाज असतो. तक्रार, "एसी चालत नाही." इलाज, "सेठ, गॅस संपलाय, भरून घ्या." हजार-दोन हजार रुपये जातात, आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच.

वास्तविक पाहता ही एक तक्रार नसून दोन आहेत. झरोक्यातून हवा जोरात येते पण गार नाही, हा एक मर्ज. हवा गार आहे पण पुरेशी येतच नाही, हा दुसरा मर्ज. पहिल्याचा संबंध गॅसशी असू शकतो. दुसऱ्याचा बहुधा कचऱ्याशी, पंख्याशी किंवा एखाद्या बंद पडलेल्या पडद्याशी असतो. दोन्ही रोगांवर एकच नुस्खा लिहिणाऱ्या हकिमाकडे आम्ही आजारी मूल नेणार नाही. मग गाडी का नेतो?

आमचा रस्ता आणि आमचा माल

पुण्याहून सोलापूरकडे निघाले की भिगवणच्या पुढे पळसदेव लागते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली जुने गाव गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने मंदिर वर दिसू लागते. एका बाजूला धरणाचा फुगवटा, दुसऱ्या बाजूला इंदापूर-बारामतीचा ऊस, आणि मधून सोलापूरचा महामार्ग, ज्याला पूर्वी ९ नंबर म्हणत आणि आता ६५ म्हणतात. हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ असते. तोडणीनंतर पाचट पेटवले की काळी राख वाऱ्यावर उडते आणि कपड्यांवर येऊन बसते. ती कपड्यांवर बसते तशीच गाडीच्या नाकातही शिरते.

गाडीचे नाक कोठे असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली जी जाळी असते, तेथून बाहेरची हवा आत जाते. तेथे झाडाचा पाला, पाचटाचे तुकडे आणि धूळ साचते. शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर याच वाटेने आत शिरतात आणि पंख्याच्या घरात घरटे करतात. कापडाच्या चिंध्या तर त्यांना आमच्याच गाडीत आयत्या मिळतात.

त्यात आमच्या मालाचा स्वतंत्र त्रास आहे. टर्किश टॉवेल आणि सुती चादर यांचा तंतू सुटतो. एसीचे बटण "आतली हवा" यावर ठेवले की पंखा तीच हवा पुन्हा पुन्हा खेचतो, आणि हवेतला तंतू फिल्टरवर थरांनी बसतो. ज्या गाडीत फिल्टर नाही, तेथे तो थेट कूलिंग कॉइलच्या ओल्या पत्र्यांवर चिकटतो. पुष्कळ स्वस्त आणि जुन्या गाड्यांत कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो. काहींत त्याची जागा असते, पण ती रिकामी. आमच्या धंद्यातील एका बांधवाने एका उन्हाळ्यात दोनदा गॅस भरून घेतला. तिसऱ्या मिस्त्रीने पुढच्या सीटसमोरचा खण काढून फिल्टर बाहेर ओढला, तो अक्षरशः गोधडी झाला होता. नवा फिल्टर काही शे रुपयांचा. पहिल्या दोन मिस्त्रींनी तो खण उघडलाही नव्हता.

मलमलीच्या पट्टीने तपासणी

हवेचा मार्ग सरळ आहे. काचेखालची जाळी, मग बाहेरची किंवा आतली हवा निवडणारा पडदा, फिल्टर, ब्लोअर म्हणजे पंखा, कूलिंग कॉइल, मग हवा तोंडाकडे, पायाकडे की काचेकडे पाठवायची ते ठरवणारे पडदे, आणि शेवटी झरोके. तपासणीही याच क्रमाने करावी.

त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. आमच्याकडे वीतभर मलमलीची पट्टी नेहमी असते. ती झरोक्यासमोर धरून पंखा एकेक नंबराने वाढवावा. पट्टी किती उचलली जाते ते डोळ्यांना दिसते आणि पंख्याचा आवाज कानाला कळतो. या दोन साक्षींवर निम्मे निदान होते.

आवाज मोठा आणि पट्टी जेमतेम हलते, तर पंखा काम करतो आहे पण वाट अडलेली आहे. आधी फिल्टर काढावा. फिल्टर काढून ठेवल्यावर हवा एकदम वाढली तर गुन्हेगार सापडला. वाढली नाही तर कॉइलचे तोंड तंतूने आणि मातीने बंद झाले असण्याचा संभव आहे. हवा आतल्या बटणावर जोरात आणि बाहेरच्या बटणावर मंद येत असेल, तर काचेखालची जाळी किंवा निवडीचा पडदा पाहावा.

आवाजच मंद असेल, तर पंख्याची मोटर झिजली असेल, तिला पुरेशी वीज पोचत नसेल किंवा पात्यांत काही अडकले असेल. आवाज अजिबात नसेल तर प्रथम फ्यूज आणि रिले. पंखा फक्त सर्वांत मोठ्या नंबरावर चालतो आणि खालचे नंबर मेलेले आहेत, तर बहुधा रेझिस्टर जळलेला असतो. या ठिकाणी एक गोष्ट मिस्त्रींनीही ध्यानात ठेवावी. हा रेझिस्टर पंख्याच्या हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण त्याला गार ठेवण्याचे काम तीच हवा करते. वाट तुंबलेली ठेवून किंवा जास्त वीज खाणारी झिजलेली मोटर तशीच ठेवून नवा रेझिस्टर बसवला, तर तोही जळेल. मग गिऱ्हाईक म्हणेल की माल बनावट होता. माल बनावट नव्हता, निदान अपुरे होते.

हवा भरपूर आहे पण तोंडाकडे न येता पायाकडेच जाते, तर दिशा बदलणारा पडदा अडकला आहे किंवा त्याची तार वा छोटी मोटर निकामी झाली आहे. एकच झरोका मेला असेल तर त्याची पाती मिटलेली नाहीत ना, आतली नळी निसटलेली नाही ना, एवढेच पाहावे.

आत येणारी हवा बाहेरही गेली पाहिजे

हा मुद्दा खास आमच्या कापडवाल्यांसाठी आहे. बंद पोत्यात फुंकर मारून पोते भरत नाही, हवा परत येते. गाडीचेही तसेच आहे. बाहेरची हवा आत घेतली की आतली हवा निघून जाण्यासाठी पुष्कळ गाड्यांत मागच्या बाजूला, बंपरच्या आड किंवा डिकीच्या कडेला, झडपा ठेवलेल्या असतात. आम्ही काय करतो? तागे आणि गठ्ठे छतापर्यंत कोंबतो आणि त्या झडपांची वाट बंद करतो. मग पुढे हवा येत नाही म्हणून तक्रार करतो. परीक्षा सोपी आहे. पंखा बाहेरच्या हवेवर चालू ठेवून मागची काच बोटभर खाली करावी. मलमलीची पट्टी लगेच जास्त उचलली गेली, तर अडचण निकासाची आहे. गठ्ठे दोन्ही कडांना चार बोटे सोडून रचले की एक पैसाही खर्च न होता काम भागते.

फिल्टरबद्दल आम्हाला कोणी वेगळे शिकवण्याची गरज नाही. तोही कापडच आहे, न विणलेले कापड. त्याच्या अंगावर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो. तो पाहूनच बसवावा. कागदी किंवा न विणलेल्या कापडाचा फिल्टर धुऊन पुन्हा बसवू नये. धुण्याने त्याचा पोत बिघडतो आणि बारीक धूळ धरण्याची शक्ती जाते. तो किती किलोमीटरला बदलावा हे गाडीच्या पुस्तिकेत असते, पण ऊसपट्ट्यात फिरणाऱ्या आणि टॉवेल वाहणाऱ्या गाडीने ती मुदत येण्याची वाट पाहू नये.

गॅस "संपत" नाही

आता गॅसविषयी. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कोठून तरी गळतो आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फाटक्या खिशात नाणी टाकणे होय. लहान मोटारीत हा गॅस जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास असतो. अंदाजाने जास्त भरला तर गारवा वाढत नाही, उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. तो वजन करूनच भरला पाहिजे.

फसवणारे एक लक्षण आहे. प्रवासाच्या प्रारंभी हवा छान येते, अर्ध्या-पाऊण तासाने मंदावते, आणि एसी बंद करून थोडा वेळ नुसता पंखा चालवला की पुन्हा सुरळीत होते. याचा अर्थ बहुधा कॉइलवर बर्फ धरतो आणि तोच हवेची वाट अडवतो. कारण गॅस कमी असणे हे असू शकते. तुंबलेला फिल्टर असू शकतो. कॉइलचे तापमान सांभाळणारा सेन्सर बिघडलेला असू शकतो. तीन कारणे आणि तीन वेगळे खर्च. न तपासता कोणते निवडणार?

प्रश्न केवळ सुखाचा नाही

कोणी म्हणेल, आमचे वडील एसीशिवाय जन्मभर फिरले, एवढा ऊहापोह कशाला? त्यांना आमचे उत्तर असे की प्रश्न गारव्याचा नाही, नजरेचा आहे. पावसाळ्यात पुढची काच आतून धुरकटते. एसी हवेतील दमटपणा काढतो आणि पंखा ती कोरडी हवा काचेवर सोडतो, तेव्हा काच साफ होते. हवाच नसेल तर चालक एका हाताने काच पुसत दुसऱ्या हाताने गाडी हाकतो. पळसदेवच्या रस्त्यावर रात्री पुढे बिनादिव्याची उसाची ट्रॉली असू शकते, हे येथे वेगळे सांगायला नको. तसेच काचा मिटून, केवळ आतल्या हवेवर तासन्‌तास गाडी चालवली की श्वासाचीच हवा साठते, डोके जड होते, झोप येते. आणि इंजिन व एसी चालू ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नये. धुराड्यात किंवा पत्र्यात फट असेल तर विषारी वायू आत येतो. त्याला ना वास ना रंग. बाजारच्या आदल्या रात्री गाडीतच पाठ टेकणाऱ्या आमच्या तरुणांनी हे मनावर कोरून ठेवावे.

तपासणीची मजुरी द्या

मग दोष कोणाचा? सारा दोष मिस्त्रीवर टाकून आम्हाला मोकळे होता येणार नाही. मिस्त्रीने अर्धा तास पालथे पडून खण उघडला, तारा तपासल्या आणि सांगितले, "सेठ, काही बिघडले नाही, जाळीत पाला होता," तर आम्ही त्याला चहा पाजतो आणि "देऊ नंतर" म्हणून गाडी काढतो. तोच मिस्त्री गॅस भरतो तेव्हा आम्ही निमूट पैसे मोजतो. म्हणजे हुनराला दाम नाही आणि मालाला आहे. अशा बाजारात कारागीर माल विकणारच. जो व्यापारी नजरेने कापडाचा कस सांगतो आणि त्या नजरेचीच रोजी खातो, त्याने दुसऱ्याच्या नजरेची मजुरी बुडवावी हे इन्साफाला धरून नाही.

सबब आमच्या मते दोन्ही बाजूंनी एक रीत पाळावी. गॅरेजवाल्या बांधवांनी तपासणीची मजुरी वेगळी सांगावी, बोर्डावर लिहावी, आणि काम पुढे केले तर ती बिलात वळती करावी. काढलेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा. मल्टिमीटर आणि गॅस तोलण्याचा काटा यांवर खर्च करावा; कापडवाल्याच्या गजाप्रमाणे ती त्यांची मापे आहेत. आणि गिऱ्हाईकांनी "गॅस भरा" असे न सांगता लक्षण सांगावे: हवा कमी की गारवा कमी, कोणत्या नंबरावर, किती वेळाने. मग तपासणीचे पैसे हसत द्यावेत.

मोटार मेकॅनिकचे काम शिकणाऱ्या आमच्या मुलांनी आणखी एक विचार करावा. विजेच्या गाड्या वाढत आहेत. त्यांत तेल बदलणे नाही, प्लग नाहीत, धुराडे नाही. परंतु काचेखालची जाळी, फिल्टर, ब्लोअर, कॉइल आणि पडदे त्यांतही आहेत, आणि ऊसपट्ट्याची धूळ त्यांनाही सोडणार नाही. इंजिनाची कामे घटतील तेव्हा हवेचे आणि विजेचे अचूक निदान करणारा कारागीर उपाशी राहणार नाही.

दुकानाची पत वर्षानुवर्षांच्या खऱ्या मापाने बनते आणि एका खोट्या मापाने जाते. गॅरेजचेही तेच आहे. "याने माझे दोन हजार वाचवले" असे म्हणणारे गिऱ्हाईक दहा नवी गिऱ्हाइके आणते. पावसाळ्यापूर्वी एकदा गठ्ठे उतरवून, फिल्टर काढून, मलमलीची पट्टी धरून आपली गाडी प्रत्येक व्यापारी बांधवाने तपासावी किंवा तपासून घ्यावी. आणि तपासणाऱ्याचा मेहनताना त्याच्या कपाळाचा घाम वाळण्याआधी त्याच्या हातात ठेवावा.