बिनपाण्याची हजामत: वस्तऱ्याचे कौशल्य रक्तात नव्हे, सरावात

१/ ‘बिनपाण्याने हजामत करणे’ हा वाक्प्रचार आपण सारेच वापरतो. एखाद्याची जाहीर खरडपट्टी निघाली की तो हमखास आठवतो. या तीन शब्दांत एका व्यवसायाचे जुने ज्ञान साठवलेले आहे: वस्तरा कितीही उत्तम असो, पाण्याविना तो केवळ छळ करतो. आजचा धागा त्या ज्ञानाविषयी, आणि ते ‘रक्तातून’ येते या समजुतीविषयी.

२/ आरंभ घरापासून करतो. चऱ्होलीत राहायला आलो आणि माझी रोजची दाढी बिघडली. ब्रश तोच, साबण तोच, रेझर तोच; तरी एक दिवस गाल गुळगुळीत, तर दुसऱ्या दिवशी मानेवर लाल पुरळ. मी तीन प्रकारची पाती बदलून पाहिली. फरक पडला नाही.

३/ दोष पात्यात नव्हताच. इमारतीला कधी नळाचे पाणी येई, कधी बोअरचे. दख्खनच्या खडकातून उपसलेले पाणी पुष्कळदा जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावतात आणि फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. शाळेच्या पुस्तकात याला ‘दुष्फेन’ पाणी म्हणतात. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्यात साबणही फसतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

४/ गाळण यंत्रातले तांब्याभर पाणी घेतले आणि तोच साबण लोण्यासारखा फेसला. मग मनात आले, की ज्यांच्या हाती गावातल्या प्रत्येक पुरुषाची मान होती, त्यांना रोज एकसारखे काम कसे साधत असेल? आणि इतिहासाचे वाचक म्हणवणाऱ्या आपण हा प्रश्न कधी का विचारला नाही?

५/ नाभिक समाज आपल्या इतिहासवाचनात दोनदा येतो. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला, आणि १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात महाराजांचे सोंग घेऊन प्राण देणारा शिवा काशीद. दोघांनाही परंपरा नाभिक मानते. दोघांचे स्मरण योग्यच. पण ते स्मरण तलवारीचे आणि बलिदानाचे आहे. वस्तरा त्यात नाही.

६/ त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ हा ग्रंथ १९१५ चा. बलुतेदारी समजून घ्यायची असेल तर आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. त्या व्यवस्थेत न्हावी हा गावाचा बलुतेदार. श्मश्रू करणे हे मुख्य काम. शिवाय अंग रगडणे, लग्नकार्यातली कामे, निरोप पोचवणे. मोबदला दर दाढीमागे नव्हे, तर सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने.

७/ त्याची सारी कार्यशाळा एका चामडी पिशवीत मावत असे. तिला धोकटी म्हणत. वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढायची नराणी, आरसा, पाण्याची वाटी, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. या यादीत साबण नाही. गावातली दाढी पुष्कळ काळ निव्वळ पाण्यावर होत होती.

८/ म्हणजे फेसाने जे काम आज आपण करून घेतो, ते बोटांनी होत होते. न्हावी गालावर, डोक्यावर पाणी लावून बराच वेळ चोळत बसे. वरवर हा वेळकाढूपणा वाटेल. पण केसातील केराटिन पाणी शोषते, केस फुगतो, आतील बंध सैल होतात आणि तो कापायला लागणारा जोर कमी होतो. यासाठी काही मिनिटे द्यावीच लागतात. पाण्याचा नुसता हात फिरवून हे साधत नाही.

९/ संत सेना महाराजांच्या अभंगांत ही धोकटी अध्यात्माची भाषा बोलते. आरसा, चिमटा, डोक्यावर चोळायचे पाणी, नखे काढणे या साऱ्यांची तिथे रूपके होतात. आळंदी आमच्या चऱ्होलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. हे अभंग इथल्या कीर्तनांत ऐकलेले असतात. आपण त्यांतला वैराग्याचा अर्थ घेतो. त्याच ओळींत कामाचा तपशीलही आहे, त्याकडे लक्ष जात नाही.

१०/ दुसरी पायरी धारेची. मोठी झीज दगडावर भरून काढायची आणि प्रत्येक दाढीपूर्वी वस्तरा पट्ट्यावर फिरवून धार सरळ करायची. पट्ट्यावर पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचे. धारेच्या दिशेने ढकलले तर पट्टाही कापला जातो आणि धारही जाते.

११/ इतक्या वेळा धार का लावावी लागे? अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे एक उत्तर दिले. रेझरचे पोलाद केसाहून सुमारे ५० पट कठीण असते, तरीही केस कापताना धारेचे सूक्ष्म टवके उडतात. केस वाकतो, आणि पोलादाची अंतर्रचना जिथे एकसारखी नसते तिथे धार तुटते. ज्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता त्याने हे बोटाच्या स्पर्शाने ओळखले आणि आपल्या कामाच्या क्रमात त्यावर उपाय बसवला.

१२/ तिसरी पायरी कोनाची आणि ताणाची. वस्तऱ्याची पाठ त्वचेपासून थोडी उचललेली, साधारण ३० अंश. दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्वचा ताणलेली. पहिला हात केसांच्या ओढीने. उलटा हात नंतर, आणि तोही त्वचा सोसेल तरच. मानेवर केसांची दिशा गालाहून निराळी असते, आणि प्रत्येक माणसाची आपली वेगळी.

१३/ आता माझे मत मांडतो. या कामातले सातत्य कोणत्याही एका हत्यारातून येत नव्हते. तोच हात, तोच वस्तरा, तोच दगड, आणि वर्षानुवर्षे तोच गाल. गावच्या न्हाव्याला पाटलाच्या हनुवटीवरचा भोवरा तोंडपाठ असे. जवळजवळ सगळे घटक स्थिर, म्हणून बदललेला एखादा घटक लगेच हाताला कळायचा.

१४/ भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्याला हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. नग बिघडू लागले तर तिथे कोणी एकाच वेळी टूल, कच्चा माल आणि कामगार बदलत नाही. एका वेळी एकच बदल, आणि त्याची नोंद. मी मात्र पाण्याकडे न पाहता पाती बदलत बसलो होतो. धोकटीवाल्याने ही चूक केली नसती.

१५/ यंत्रयुगाने नेमके काय केले, तेही याच दृष्टीने पाहावे. किंग कॅम्प जिलेट याच्या रेझरला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. त्याआधीच्या वर्षी त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली होती. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना रेझर सरकारतर्फे मिळाले आणि स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय जगभर पसरली.

१६/ या रेझरने दोन गोष्टी हातातून काढून घेतल्या. पाते किती उघडे राहावे हे त्याच्या बांधणीने ठरवले, आणि बोथट पाते टाकून देता येऊ लागल्याने धार लावण्याची विद्या अनावश्यक झाली. उरलेल्या गोष्टी मात्र तुमच्याकडेच राहिल्या: पाणी, वेळ, दिशा, दाब. आजही दाढी बिघडते ती या चारांपैकी कशाने तरी. दुकान मात्र आपल्याला पाचवीच गोष्ट विकते.

१७/ जुन्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. एकच वस्तरा साऱ्या गावाच्या त्वचेवर फिरत असे. त्यातून रोगही फिरत. विसाव्या शतकाच्या अखेरीस रक्तातून पसरणाऱ्या रोगांची जाणीव वाढली आणि सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे पाते लावण्याची रीत रुजली. दगड आणि पट्टा मागे पडले. ते योग्यच झाले.

१८/ खरा वाद पुढे आहे. आपल्या इतिहासगटांत एक वाक्य सतत फिरते: “ही कला त्यांच्या रक्तातच होती.” लोहाराविषयी, सुताराविषयी, न्हाव्याविषयी. ऐकायला हा गौरव वाटतो. प्रत्यक्षात ते वाक्य दोनदा अन्याय करते. एक, घासून मिळवलेले ज्ञान ते जन्माच्या खात्यावर जमा करते. दोन, ज्याने जे केले ते त्यानेच करत राहावे, असे सुचवते.

१९/ याला उत्तर साताऱ्याच्या एका घरातून मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर टिपणांत बालपणाची आठवण लिहिली आहे. साताऱ्यात न्हावी पुष्कळ होते, घरची ऐपतही होती. पण अस्पृश्याच्या डोक्याला कोणी हात लावत नसे. म्हणून मुलांचे केस कापणे, डोकी भादरणे हे काम त्यांच्या थोरल्या बहिणीने केले. सततच्या सरावाने ती त्यात निष्णात झाली होती, असे ते लिहितात.

२०/ हा उल्लेख नीट वाचावा. ती मुलगी न्हाव्याच्या कुळात जन्मलेली नव्हती. तिच्यापुढे तीच तीच भावंडे होती, तेच हत्यार होते आणि गरज होती. म्हणजे गावच्या न्हाव्याला निष्णात करणाऱ्या गोष्टी तिला मिळाल्या, आणि तिला तेच कौशल्य आले. ‘रक्तात’ असण्याच्या सिद्धांताला याहून थेट उत्तर मला माहीत नाही. आणि हे उत्तर एका अपमानातून निघाले, हेही विसरता येत नाही.

२१/ मग न्हाव्याला दोषी ठरवून मोकळे व्हायचे का? तेही अपुरे आहे. सुगीच्या धान्यावर जगणारा बलुतेदार गावाच्या रूढीविरुद्ध गेला असता, तर त्याचे बलुतेच बंद झाले असते. व्यवस्थेने त्याला कौशल्य दिले आणि ते कोणासाठी वापरायचे हा निर्णय स्वतःकडे ठेवला. त्याचेच दुसरे रूप म्हणजे विधवांचे केशवपन. स्त्रीच्या विटंबनेची रूढी उच्चवर्णीय घरांची, आणि ती अमलात आणणारा वस्तरा मात्र न्हाव्याचा.

२२/ म्हणूनच १८९० चे पाऊल मोठे ठरते. सत्यशोधक कार्यकर्ते आणि कामगार चळवळीचे प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. आपले कसब कोणत्या कामाला लावायचे हे कारागिराने स्वतः ठरवण्याचा तो प्रसंग होता. शालेय इतिहासात त्याला एखाददुसरे वाक्य मिळते. माझ्या मते त्याची जागा एखाद्या लढाईइतकी आहे.

२३/ तेव्हा तरुण मित्रांना दोन विनंत्या. पहिली साधी: दाढी बिघडत असेल तर आधी पाणी तपासा. केस दोन-तीन मिनिटे भिजू द्या. बोटांनी चाचपून केसांची दिशा ओळखा. रेझरच्या वजनाहून अधिक दाब देऊ नका. आठवडाभर काहीही बदलू नका. मग एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.

२४/ दुसरी विनंती अधिक महत्त्वाची. चऱ्होलीसारखी गावे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. आता शेतांच्या जागी इमारती आहेत. पण दगडावर वस्तरा पाजळलेले हात अजून काही घरांत आहेत. त्यांच्याकडे पराक्रमाच्या कथा मागायला जाऊ नका. पाणी किती वेळ चोळायचे, धार कशी ओळखायची, आणि कोणाची दाढी करायला मनाई होती, हे विचारा. उत्तरे त्यांच्या शब्दांत, त्यांच्या परवानगीने नोंदवा.

२५/ तलवारी संग्रहालयात राहतील. हाताचे ज्ञान मात्र माणसाबरोबर जाते, आणि मागे उरते ते केवळ ‘रक्तात होते’ हे आळशी वाक्य. पुढच्या वेळी कोणी ते टाकले, की साताऱ्याची ती थोरली बहीण आठवा. धागा समाप्त. आपल्या गावातील जुन्या धोकटीविषयी काही ठाऊक असल्यास खाली जरूर लिहा.