मार्कंड्याची आरसेवाली

आमच्या भागात ‘मार्कंडा पाहिलंय का?’ असं कुणाला विचारू नये. विचारणाराच परका ठरतो. वडिलांच्या खांद्यावर बसून महाशिवरात्रीच्या जत्रेला गेलेला, वैनगंगेत बुडी मारून दर्शनाच्या रांगेत चेंगरलेला प्रत्येक जण मार्कंड्याचा जाणकार असतो. तिथल्या देवळाच्या भिंतीवर काय काय आहे असं विचारलं, तर मात्र ‘मूर्ती आहेत’ याच्या पुढे गाडी जात नाही.

म्हणूनच भाचीनं सुट्टीत इतर पोरांसोबत जीपीएसवर खजिना शोधायचा खेळ काढला, तेव्हा मी मार्कंड्याचंच नाव घेतलं. खेळ तसा जुना. जीपीएसचे नागरी वापराचे संकेत अमेरिका मुद्दाम धूसर ठेवायची. २ मे २००० रोजी तिनं हे धूसर करणं बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं रानात एक बादली लपवली, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि ‘शोधा’ म्हणाला. आता जगभर असे लाखो डबे लपवलेले आहेत.

पण हा खेळ इथं जसाच्या तसा आणता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात लपवलेला डबा म्हटलं की कुणाला खजिना आठवत नाही, भूसुरुंग आठवतो. शिवाय देऊळ पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात. तेव्हा डबा बाद. मी नकाशावर खुणा टाकल्या आणि प्रत्येक खुणेला एक प्रश्न जोडला. प्रश्न बहुतेक इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमच्या जिवावर काढले. १८७३ ते ७५ च्या दौऱ्यांच्या अहवालात त्यानं मार्कंड्याचं सविस्तर वर्णन केलंय. मुख्य देवळावरच्या माणसादेवांच्या मूर्ती त्यानं चक्क मोजल्या: ४०९!

पहिली खूण घाटावर. प्रश्न: पाणी कुठल्या दिशेला चाललंय? ‘दक्षिणेला,’ पोरं एका सुरात म्हणाली. वैनगंगा खाली जाऊन वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते, हे पाठ होतं. मग फोनमधलं होकायंत्र उघडलं. भाचीनं फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला, सुई स्थिर होऊ दिली आणि गप्प झाली. पाणी उत्तरेला चाललं होतं. नदी इथं वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. मार्कंड्याचं तीर्थमाहात्म्य मोठं मानतात ते त्यामुळेही. पुस्तक आणि सुई दोन्ही खरी कशी, यावर पोरांची बराच वेळ जुंपली.

आम्ही असे फोन समोर धरून फिरतोय हे बघून एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, ‘‘मोजनी करून रायले का जी?’’ प्रश्न अगदी रास्त होता. या जिल्ह्यात जीपीएस आला तो खेळायला नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर दाव्यातल्या जमिनी मोजायला गावोगाव ही यंत्रं फिरली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणारं ते देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. यंत्र हातात घेतलेला माणूस जमीन मोजायलाच आलेला असणार, हा इथला अनुभव आहे. आम्ही मूर्ती शोधतोय म्हटल्यावर बाबा हसले. ‘‘मंग वर पाहा ना, फोनात काहून पाहून रायले?’’

आवारात शिरल्यावर फोनचं कामच संपलं. जुन्या नोंदींप्रमाणे हे आवार साधारण १९६ फूट लांब आणि ११८ फूट रुंद. फोनची चूक मोकळ्या मैदानात पाच-दहा मीटर, दगडी भिंतींशेजारी आणखी जास्त. निळा ठिपका या देवळावरून त्या देवळावर उड्या मारत होता, मध्येच त्यानं आम्हाला नदीत नेऊन सोडलं. यमाला मात्र इथं सोळा वर्षांच्या मार्कंडेयाचा पत्ता अचूक सापडला होता. पुढचं शंकरानं बघून घेतलं.

मग मान वर करून शोध सुरू झाला. ‘दोन मूर्तींच्या मध्ये कोण उभं आहे?’ याचं उत्तर धाकट्यानं मिळवलं: कधी सिंह, कधी हत्ती. माणसांच्या ओळी तोडायला कारागिरांनी जनावरं वापरलीत. एकदा हे कळलं की भिंत वाचता येते. नुसती गर्दी वाटत होती तिथं ओळी दिसू लागतात.

आरसा धरून डोळ्यांत काजळ घालणारी बाई मात्र सापडली नाही. कनिंगहॅमनं तिची खास नोंद केली आहे. मुख्य मंदिराचा काही भाग दुरुस्तीसाठी उतरवला आणि ते काम फार लांबलं, तेव्हा ती उतरवलेल्या दगडांत असेल किंवा आमच्याच नजरेतून सुटली असेल. खेळात हे उत्तर नसलेलं एक पान राहिलं. तरी पोरं सगळ्यात जास्त वेळ तिच्यासाठीच भिंतीला चिकटून होती. ‘विदर्भाचं खजुराहो’ असा फलक वाचून कुणी पाच मिनिटं तरी असं पाहिलं असतं का? मला नाही वाटत.

चामोर्शी, मूल, सावलीच्या शिक्षकांना एक विनंती. पुढच्या सहलीला पोरांना रांगेत उभं करून माहिती सांगू नका, हातात दहा प्रश्न द्या आणि सोडा. शिवरात्र टाळून जा. रेंज नसली तरी जीपीएस चालतो, नकाशा मात्र उघडत नाही, म्हणून तो घरूनच डाऊनलोड करून न्या. डबा कुठंही ठेवू नका. आणि आरसेवाली दिसली तर मला जरूर कळवा.