गुरु एक, वाटा अनेक

योगासनांची आवड आतां घरोघर पोंचली आहे. २०१५ सालापासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जाऊं लागल्यावर तर, शीर्षासन म्हणजे सर्कशींतलें काम असें समजणारी मंडळीही पहांटे सतरंजी पसरूं लागली आहेत. ही गोष्ट निःसंशय चांगली होय. परंतु तिच्या पाठोपाठ एक नवा वाद मोठ्या कुटुंबांत शिरला आहे. नातू वर्गांतून घामाघूम होऊन परततो व वेगानें केला तोच योग असें बजावतो. सूनबाई दोर, पट्टे व लाकडी विटा आणवितात. आजोबांच्या मतें बारा सूर्यनमस्कार व थोडा प्राणायाम यांपलीकडचें सर्व थोतांड. गुडघ्यांनीं जेरीस आलेल्या आजीबाईंचें मत मात्र कोणी विचारीत नाहीं. जो तो आपल्या शिक्षकाचें नांव पुढें करितो, आणि ‘खरा योग कोणता?’ हा प्रश्न रात्रीचीं पानें वाढेपर्यंत तसाच लोंबकळत राहतो.

ग्रंथांवरून याचा निकाल लावावा म्हटलें तर तोही सुकर नाहीं. पातंजल योगसूत्रें १९५, पाठभेदानें १९६. त्यांत आसनाचा प्रत्यक्ष विचार अवघ्या तीन सूत्रांत आटोपला आहे, आणि त्यांत एकाही विशिष्ट आसनाचें नांव नाहीं. हठप्रदीपिकेंत पंधरा आसनें वर्णिलीं आहेत, घेरंडसंहितेंत बत्तीस. आज वर्गांतून शिकविलीं जाणारीं शेंकडों आसनें, त्यांचा क्रम, त्यांचा वेग, त्यांत किती वेळ स्थिर राहावें याचे दंडक, हें सर्व फार मोठ्या अंशानें गेल्या शंभर वर्षांतील शिक्षकांच्या अनुभवांतून घडलेलें आहे. म्हणून या शिक्षकांकडेच जरा निरखून पाहूं.

गुजरातेंत नर्मदेच्या तीरीं मालसर येथें परमहंस माधवदास नांवाचे साधु राहत असत. त्यांचे दोन शिष्य पुढें प्रसिद्धीस आले. एक मणिभाई देसाई, म्हणजेच श्रीयोगेंद्र. यांनीं १९१८ सालीं मुंबईस वर्सोवा येथें योगसंस्था स्थापिली. त्यांची दृष्टि गृहस्थाश्रमी मनुष्याकडे होती. संसार, नोकरी व मुलेंबाळें सांभाळून ज्यास थोडाच वेळ मिळतो, त्यास झेपेल अशा सोप्या रूपांत त्यांनीं आसनें मांडलीं. दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. यांचा पिंड संशोधकाचा. उड्डियान व नौलि करितांना पोटाच्या आंत काय घडतें तें क्ष-किरणांनीं व दाब मोजण्याच्या यंत्रांनीं त्यांनीं पाहिलें. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम काढून त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिकही सुरू केलें. गुरु एकच, परंतु एकानें योग घराच्या ओसरीवर आणिला, तर दुसऱ्यानें तो प्रयोगशाळेंत नेला. दोघांपैकीं कोणी गुरुद्रोह केला असें म्हणतां येईल काय?

याहूनही बोलका दाखला म्हैसूरचा आहे. तिरुमलै कृष्णम्माचार्य (१८८८–१९८९) हे दर्शनशास्त्रांचे व्युत्पन्न वैष्णव पंडित. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या आश्रयानें १९३३ सालीं जगन्मोहन राजवाड्यांत त्यांची योगशाळा उघडली. तेथें शिकणारे बहुतेक चपळ, उसळत्या रक्ताचे मुलगे. शिवाय पाहुण्यांपुढें प्रात्यक्षिकें करून दाखविण्याची कामगिरीही शाळेकडे असे. तेव्हां तेथील अभ्यास जोमदार व वेगवान् असावा हें साहजिकच होतें.

पट्टाभि जोइस (१९१५–२००९) यांनीं हा जोम उचलला. १९२७ सालीं, वयाच्या बाराव्या वर्षीं, हासन येथें आचार्यांचें प्रात्यक्षिक पाहून ते शिष्य झाले व पुढें म्हैसूरच्या संस्कृत पाठशाळेंत त्यांनीं दीर्घकाळ योग शिकविला. त्यांच्या पद्धतींत आसनांचा क्रम ठरलेला, प्रत्येक हालचाल श्वासाशीं जखडलेली आणि एक आसन साधल्यावांचून पुढचें मिळावयाचें नाहीं असा शिरस्ता. मात्र आमच्या नातवांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्यांच्या म्हैसूरच्या शाळेंत सर्व विद्यार्थी एका खोलींत जमत, तरी ज्याचा त्याचा अभ्यास ज्याच्या त्याच्या गतीनें चाले. सर्वांस एकाच टाळीवर पळविणें हा तेथील मूळचा प्रकार नव्हे.

आतां दुसरे शिष्य पाहा. बेळ्ळूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म १९१८ चा, म्हणजे ऐन इन्फ्लुएंझाच्या सांथींतला. हिंवताप, विषमज्वर व क्षय यांनीं त्यांचें बालपण पोखरलें होतें. कृष्णम्माचार्य हे त्यांच्या बहिणीचे यजमान. त्या नात्यानें १९३४ सालीं ते म्हैसूरास आले. गुरूंकडून प्रत्यक्ष शिक्षण फार थोडे दिवस मिळालें, असें ते स्वतः सांगत. १९३७ सालीं अवघ्या अठराव्या वर्षीं त्यांस पुण्यास पाठविण्यांत आलें. मराठी येत नव्हती, आणि शिष्य वयानें व बळानें त्यांच्याहून वरचढ. अशा स्थितींत स्वतःच्या दुबळ्या शरीरालाच पुस्तक करून तें पान पान वाचणें एवढाच मार्ग उरला. गुडघा कोठें वळतो, टाचेवर भार पडला म्हणजे कंबरेस काय होतें, हा सूक्ष्म विचार त्यांच्या पद्धतींत आला तो येथून. दोर, पट्टे, खुर्च्या, लोड व लाकडी विटा हीं साधनें त्यांनीं योजिलीं, तीं अशक्तांना व आजाऱ्यांनाही आसनाचा लाभ व्हावा म्हणून. १९६६ सालीं त्यांचा इंग्रजी ग्रंथ सुमारें ६०० छायाचित्रांसह निघाला व जगभर गेला. १९७५ सालीं दिवंगत पत्नी रमामणी यांच्या नांवानें पुण्यांत संस्था उघडली. वयाच्या साठीच्या सुमारास स्कूटरच्या अपघातानें जायबंदी झाल्यावर त्यांनीं आपला अभ्यास पुन्हां पायापासून उभारला. २०१४ सालीं पुण्यासच त्यांचा अंत झाला.

खुद्द आचार्यांची पुढील वाट तर सर्वांत विचारणीय आहे. १९५० सालीं म्हैसूरची योगशाळा बंद पडली आणि साठी ओलांडलेले कृष्णम्माचार्य मद्रासेस गेले. तेथें त्यांच्याकडे येणारे लोक बहुतेक प्रौढ, संसारी, कांहीं तर रोगपीडित. त्यांस ते एकेकटे बसवून, ज्याची त्याची नाडी व श्वास पाहून, निरनिराळा अभ्यास देत. त्यांचे चिरंजीव देशिकाचार (१९३८–२०१६) हे शिक्षणानें इंजिनिअर. त्यांनीं वडिलांपाशीं जो योग शिकला तो हा. पतंजलींच्या तिसऱ्या पादांत आलेला ‘विनियोग’ हा शब्द या पद्धतीस पुढें चिकटला; ज्याची जी पायरी, तेथें त्यास योग्य तें योजणें, हा त्याचा अर्थ. म्हैसूरचे कृष्णम्माचार्य खरे कीं मद्रासेचे, असें कोणी विचारील तर उत्तर काय द्यावें? समोर बारा वर्षांचा मुलगा होता तेव्हां त्यांनीं एक शिकविलें, समोर पन्नाशीचा गृहस्थ आला तेव्हां दुसरें. त्यांची शास्त्रावरील निष्ठा दोन्ही वेळीं तीच होती.

अध्यापनाच्या धंद्यांत आयुष्य गेलेल्या मनुष्यास यांत नवल वाटूं नये. संस्कृताचे वर्ग घेतांना प्रस्तुत लेखकास हेंच वारंवार दिसे. एका मुलास रूपें घोकून दिलीं म्हणजे तो सुखानें पुढें जाई; दुसऱ्यास ‘असें कां?’ हें सांगितल्यावांचून एक विभक्तीही पचत नसे. तिसरा श्लोक चालीवर म्हणूं लागला म्हणजेच त्याची जीभ सुटे. पाणिनि तोच, परंतु दार प्रत्येकाचें निराळें. शिक्षक स्वतः ज्या दारानें आंत गेला तें त्यास प्रिय असतें व तेंच तो सर्वांस दाखवितो. हा मनुष्यस्वभाव आहे. उत्तम शिक्षक तोच, ज्यास दुसरीं दारेंही ठाऊक असतात.

यावरून घरांतील वादाचा निकाल काय लागतो? नातवास वेग मानवत असेल तर त्यानें तो खुशाल आचरावा. परंतु तोच क्रम आजीबाईंवर लादूं नये. त्यांनीं खुर्चीचा आधार घेऊन हातपाय मोकळे केले व श्वास लांबविला, तर त्यास कमी प्रतीचा योग म्हणण्याचा अधिकार कोणासही नाहीं. रक्तदाब वाढलेला असेल किंवा डोळ्यांत काचबिंदु असेल, तर दूरध्वनीच्या पडद्यावरील चित्र पाहून शीर्षासन करणें हें निव्वळ धाडस होय. पडद्यावरील शिक्षक आपणांस दिसतो, परंतु आपण त्यास दिसत नाहीं, ही त्या शिक्षणांतील मोठीच उणीव आहे.

शिक्षक निवडतांना त्याचें नांव किती मोठें हें विचारण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. पहिल्या दिवशीं तो तुमचें वय, आजार व जुनीं दुखणीं विचारतो काय? एखादें आसन जमत नसेल तर त्याच्यापाशीं दुसरा उपाय आहे काय, कीं तो केवळ जोरानें दाबतो? आणि ‘नको’ म्हटल्याबरोबर तो थांबतो काय? हा तिसरा प्रश्न लेकीसुनांच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचा आहे. पट्टाभि जोइस यांच्याविरुद्धही, आसन सुधारण्याच्या निमित्तानें अनुचित स्पर्श केल्याच्या तक्रारी अनेक शिष्यांनीं उघडपणें केल्या, आणि २०१९ सालीं त्यांच्या नातवानेंही त्याबद्दल जाहीर खेद प्रकट केला. गुरुविषयीं आदर हा आपल्या घरांतील संस्कार आहे, तो राहावा. परंतु आदर म्हणजे तोंड मिटून सोसणें नव्हे, हें मुलींस घरांतील वडीलधाऱ्यांनींच आधीं सांगून ठेवावें.

या तिन्ही कसोट्यांस उतरणारा शिक्षक लाभला, म्हणजे मात्र चंचलपणा करूं नये. दर महिन्यास पद्धति बदलणारास कोणतीच पद्धति फळत नाहीं. निदान एक वर्षभर, रोज ठरल्या वेळीं, थोडें कां होईना, त्याच्या सांगण्याप्रमाणें करून पाहावें. ज्यांचीं नांवें वर आलीं त्यांच्या वाटा भिन्न होत्या, तरी दीर्घकाळ व खंड न पाडतां केलेला अभ्यास ही एक गोष्ट त्या सर्वांच्या चरित्रांत सारखीच आढळते, आणि ती कोणत्याही घरास उसनी घेतां येण्यासारखी आहे.