शाकारणी गेली, कंत्राट आले

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा सुरू झाला की वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली या गावांत पत्रा कापणाऱ्या यंत्रांची घरघर वाढते. पावसाळा तोंडावर आलेला असतो, गच्चीवर शेड घालायची असते किंवा मागच्या वर्षी गळलेले छप्पर बदलायचे असते आणि कारागीर मिळत नसतो. अखेर जो मिळेल त्याला, जो भाव सांगेल त्या भावाने, निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ देऊन काम सोपवले जाते. लेखी करार बहुधा होत नाही. व्यवहार मात्र लाखाच्या घरातला असतो आणि त्यावर कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असते. घरासाठी होणाऱ्या सर्व खर्चांत इतक्या घाईने आणि इतक्या कमी चौकशीने होणारा खर्च दुसरा क्वचितच असेल.

ही घाई आता परवडणारी राहिलेली नाही. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले आणि त्या रात्री गुजरातमध्ये उनाजवळ जमिनीवर आले. म्हणजे मुंबई-वसईला त्याचा केवळ कड लागला. तरीही कुलाबा वेधशाळेत वाऱ्याच्या झोताचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. वसईत केळीच्या बागा आडव्या झाल्या, झाडे उन्मळली, घरांवरचे पत्रे उडाले. त्याच्या आदल्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत हजारो घरे उघडी पाडली होती आणि ऐन पावसाच्या तोंडावर कोकणात पत्रे व कौले मिळेनाशी झाली होती. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आणि त्यांचा टिकण्याचा काळ अलीकडच्या दशकांत वाढला असल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले. राज्याच्या अंतर्भागात हाच प्रश्न गारपिटीच्या रूपाने उभा राहतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट मराठवाडा आणि विदर्भ विसरलेले नाहीत. वसईला गारा विरळाच. येथे छपराचा शत्रू वारा आहे.

जुन्या वसईला हा शत्रू ठाऊक नव्हता असे नाही. त्याच्याशी झुंजण्याची एक व्यवस्थाच गावात होती. तिचे नाव शाकारणी. पावसाळ्याआधी कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेली रीप वा वासा बदलायचा आणि पाखे पुन्हा नीट लावायचे, हा वार्षिक परिपाठ होता. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला यंत्रावर कौले बनवण्याचा कारखाना काढल्यानंतर ही मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. परंतु कौल नवे आले तरी शाकारणीचा क्रम तोच राहिला. त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की काम करणारा सुतार वा कारागीर गावातला किंवा शेजारच्या गावातला असे. छप्पर गळले तर तो दुसऱ्या दिवशी बाजारात भेटणार, हे दोघांनाही माहीत असे. करारपत्र नव्हते, पण जबाबदारी होती आणि ती दरवर्षी तपासली जात होती.

गेल्या तीन-चार दशकांत वाडीतल्या कौलारू घरांच्या जागी सिमेंट-काँक्रीटचे बंगले उभे राहिले. सपाट गच्ची दहा-पंधरा वर्षांनी पाझरू लागते, म्हणून तिच्यावर लोखंडी पत्र्याची शेड येते. शहरी नालासोपारा आणि वसईतील गृहनिर्माण संस्थांनीही हाच मार्ग धरला. कौलारू छप्पर जाऊन पत्र्याचे छप्पर आले. परंतु शाकारणी जाऊन तिच्या जागी काहीच आले नाही. पत्र्याला निगा लागत नाही असा समज आहे आणि तो विकणाऱ्याच्याही सोयीचा आहे. खाऱ्या हवेत स्क्रू गंजतात, त्यांच्याखालचे रबरी वॉशर उन्हाने तडकतात, जोड ढिले पडतात. ते पाहायला वर कोणी चढत नाही.

वारा छपराला खाली दाबतो, अशी सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुतः सपाट वा कमी उताराच्या छपरावरून वेगाने जाणारा वारा त्याला वर ओढतो. शेड चारही बाजूंनी उघडी असेल तर वारा आत शिरून खालूनही ढकलतो. वेग दीडपट झाला की हा जोर सव्वादोनपट होतो. ताशी ११४ किलोमीटर वेगाच्या झोताचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६० किलो वजनाइतका भरतो. वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब अशा साध्या शेडवर ढोबळ हिशेबाने तो तीन टनांहून अधिक होतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तेवढ्याच पत्र्यांचे वजन मात्र पावणेतीनशे किलोच्या आसपास असते. मंगलोरी कौलांचे छप्पर दर चौरस मीटरला साधारण चाळीस किलोचे असे आणि कौलांच्या फटींतून हवेला वाट मिळे. वादळात काही कौले उडत, पण छप्पर सहसा शाबूत राहत असे. पत्र्याची शेड हलकी आणि एकसंध असते. ती वजनाने टिकत नाही, ती केवळ जोडांवर टिकते. जोड सुटला तर पत्रे सुटे न होता सांगाड्यासह शेड उडते आणि शेजारच्या घरावर, विजेच्या तारांवर किंवा रस्त्यावरच्या माणसावर पडते.

नेमकी येथेच कामाची प्रत कळेनाशी होते. पत्र्याचा रंग दिसतो, जोड दिसत नाहीत. अनेक ठिकाणी शेडचे खांब काँक्रीटच्या तुळईवर न रोवता गच्चीच्या विटांच्या कठड्यावर उभे केले जातात. जोरदार झोतात कठड्यासकट शेड उखडते. काही ठिकाणी खांबासाठी गच्चीच्या कोब्याला भोके पाडली जातात आणि ज्या गळतीसाठी शेड घातली ती गळती तेथूनच सुरू होते. छपराच्या कडा व कोपरे यांवर वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून तेथे स्क्रू जवळजवळ हवेत. प्रत्यक्षात सगळीकडे सारख्याच अंतरावर, तेही वाचवून, मारले जातात. वेल्डिंगच्या जागी जस्ताचा थर जळतो. त्यावर गंजरोधक रंग लावायचे काम ‘नंतर’वर जाते आणि ते ‘नंतर’ येत नाही.

याविषयीचे शास्त्र उपलब्ध नाही, असे नव्हे. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयी भारतीय मानक ८७५, भाग ३ हे प्रमाण आहे आणि २०१५ मध्ये ते सुधारण्यात आले. मुंबईसाठी त्यात मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. ‘तौक्ते’चा कुलाब्यातील झोत याहून बराच कमी होता. म्हणजेच २०२१ मध्ये जी छपरे उडाली त्यांतील बरीचशी वाऱ्याच्या असाधारण जोरामुळे नव्हे, तर मानकाला न पोहोचणाऱ्या कामामुळे किंवा निगेच्या अभावी उडाली असावीत, असा निष्कर्ष निघतो. परंतु हे मानक अभियंत्यांसाठी आहे आणि गच्चीवरच्या शेडपाशी अभियंता पोहोचतच नाही. घाटकोपरला १३ मे २०२४ च्या वादळी वाऱ्यात महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला, तेव्हा पायाची मजबुती हा प्रश्न चर्चेत आला. फलकाचा जो नियम तोच शेडचा. फरक आकाराचा आहे, निसर्गनियमाचा नाही.

कायद्याची स्थितीही विचित्र आहे. विकासकाकडून सदनिका घेणाऱ्याला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोषांबाबत संरक्षण दिले आहे. स्वतःच्या घरावर छप्पर घालून घेणाऱ्याला ते लागू नाही. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. परंतु त्यासाठी काय ठरले होते आणि किती पैसे दिले, याचा पुरावा हवा. कर वाचवण्यासाठी बिल न घेणारा ग्राहक हा पुरावा स्वतःच्या हाताने नाहीसा करतो. शासनाची मदत येते ती छप्पर उडाल्यावर, पंचनाम्यानंतर. ‘निसर्ग’ वादळानंतर राज्य सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठीची मदत ९५ हजार १०० रुपयांवरून दीड लाखांवर आणि किमान १५ टक्के पडझडीसाठीची ६ हजारांवरून १५ हजारांवर नेली. ती आवश्यकच होती. परंतु नुकसान किती झाले हे मोजणाऱ्या पंचनाम्यात ते का झाले, जोड कोठे सुटला, याला स्थान नसते. साहजिकच त्याच पद्धतीचे छप्पर, बहुधा त्याच घाईने, पुन्हा उभे राहते.

अमेरिकेतील कोलोरॅडो या डोंगराळ आणि गारपीटप्रवण राज्याचा अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. गारपीट झाली की तेथे बाहेरून छप्पर-कंत्राटदारांचे तांडे येत, दारोदार फिरून कामे घेत आणि आगाऊ रक्कम घेऊन काही जण दिसेनासे होत. २०१२ मध्ये तेथील विधिमंडळाने निवासी छपरांच्या कामांसाठी स्वतंत्र कायदा केला. लेखी करार बंधनकारक झाला. त्यात कामाची व्याप्ती, साहित्य, अंदाजे खर्च व तारखा नमूद करणे आले. विमा कंपनीने दावा नाकारल्यास ७२ तासांत करार रद्द करण्याचा अधिकार घरमालकाला मिळाला. यात तंत्रज्ञानाचा भाग काहीच नाही. संकटाने घाबरलेला ग्राहक आणि अनोळखी कंत्राटदार यांच्यामध्ये एक कागद आणला गेला, इतकेच. २०१७ च्या मे महिन्यात डेन्व्हर परिसरात अब्जावधी डॉलरची हानी करणारी गारपीट झाली, तेव्हा घरमालकाच्या हाती निदान हा कागद होता.

तसा कायदा येथे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. साध्या करारपत्रात पुढील गोष्टी आल्या तरी निम्मे वाद टळतील. पत्र्याची जाडी रंगासह नव्हे, तर मूळ धातूची, मिलिमीटरमध्ये. जस्ताचा थर दर चौरस मीटरला किती ग्रॅम. खांब कोठे व कशाने रोवणार. आडव्या पाइपांमधील अंतर. कडेला व मध्ये स्क्रू किती अंतरावर. जुने सिमेंटचे पत्रे असल्यास ते न फोडता कसे उतरवणार, कारण त्यांतील अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे शरीरात जाणे घातक असते. वर चढणाऱ्या मजुरांना सुरक्षापट्टा कोण देणार. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावा. आणि काम मे महिन्यात नव्हे, दिवाळीनंतर काढावे, म्हणजे निवडीला अवधी मिळतो. एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमा योजनेत वादळ व गारपीट यांचा समावेश आहे. तेथेही बिल आणि करारपत्रच उपयोगी पडते.

या सगळ्याचा दोष केवळ कारागिराच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. चौरस फुटाचा भाव विचारून सर्वांत कमी भाव सांगणाऱ्याला काम देण्याची रीत ग्राहकाची आहे. जो फॅब्रिकेटर जाड पत्रा, जादा स्क्रू आणि मजबूत पाया यांचा खर्च धरून भाव देतो, तो पहिल्याच फेरीत बाद होतो. काय विकत घेतो आहोत हे ग्राहकाला ठाऊक नसेल, तर चांगले काम करण्यात कारागिराचा तोटाच आहे. लेखी अटींमुळे प्रामाणिक कारागिराचेही रक्षण होते, कारण मग तुलना समान कामाची होते.

त्यामुळे पुढचे पाऊल संस्थांनी उचलायला हवे. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेला गच्चीवरील शेड अधिकृत की अनधिकृत एवढाच प्रश्न महत्त्वाचा वाटून चालणार नाही. ती सुरक्षित आहे काय, हाही प्रश्न तितकाच तिचा आहे. नेहमीच्या दोन-तीन मापांच्या शेडसाठी अभियंत्यांकडून आराखडा करून घेणे, तो मराठीत एका पानावर छापून प्रभाग कार्यालयांत ठेवणे आणि त्यानुसार काम करणाऱ्या फॅब्रिकेटरांची यादी लावणे, यासाठी मोठा निधी लागणार नाही. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या बॅसीन कॅथलिक सहकारी बँकेपासून वसईला सहकाराची दीर्घ परंपरा आहे. घरदुरुस्तीसाठी कर्ज देणाऱ्या बँका व पतसंस्था खर्चाच्या अंदाजपत्रकासोबत आराखडा व करारपत्र मागू लागल्या, तर ही शिस्त लवकर रुजेल.

आणि शाकारणी पुन्हा सुरू करावी लागेल, पत्र्याच्या छपराचीही. दर वर्षी पावसाआधी जाणत्या माणसाने वर चढून स्क्रू आवळणे, गंजलेले बदलणे, वेल्डिंग तपासणे एवढेच तिचे नवे रूप आहे. काम देतानाच पुढील पाच वर्षांची ही तपासणी करारात घातली, तर कंत्राटदाराला दरवर्षी त्याच दारी यावे लागेल. जुन्या कारागिराला गावाच्या ओळखीने बांधून ठेवले होते. नव्याला कागदाने बांधावे लागेल. वादळ पुढच्या मे महिन्यात येईल की आणखी चार वर्षांनी, हे कोणाच्या हाती नाही. जोड घट्ट आहेत की नाहीत, हे मात्र दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत निश्चितपणे पाहता येते.