बेट विकणे आहे

तुळशीचे लग्न लागले की आमच्या अमरावतीत आणि अकोल्यात दोन प्रकारच्या पाट्या झळकू लागतात. एक मंगल कार्यालयांच्या आणि दुसऱ्या बेटांच्या. मॉरिशस, मालदीव, श्रीलंका! पाच रात्री, सहा दिवस, सकाळचा नाश्ता धरून. आणि ऐपत नसेल तर हप्त्याने. पाटीवरचे चित्र वर्षानुवर्षे तेच असते. निळे पाणी, पांढरी वाळू, दोन माडांना टांगलेली झोळी आणि समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या दोन रिकाम्या खुर्च्या. त्या चित्रात त्या बेटावर राहणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. जणू ते बेट परमेश्वराने काल रात्री घडवले आणि आज सकाळी प्रवासी कंपनीच्या हवाली केले!

माझे भांडण आहे ते या चित्राशी. प्रवासाशी माझे काडीचेही भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्याकडे या विषयावर तोंड उघडले की लोक आपल्याला लगेच एका बाजूला बसवतात. ती बाजू म्हणजे पारावरची. तिथले म्हातारे विचारतात, "गुरुजी, एवढे पैशे घालून पानीच पाहाचं हाय, तं महानचं धरन काय वाईट हाय?" वाक्य मजेदार आहे, पण मला मान्य नाही. ज्या मुलाने जन्मभर काळी माती आणि मे महिन्यातले पंचेचाळीस अंश पाहिले, त्याने लग्नानंतर आठ दिवस समुद्र पाहिला तर कुणाच्या पोटात दुखायचे कारण काय? अकोल्याहून मुंबई गाठायला रेल्वेला नऊ-दहा तास लागतात आणि मुंबईहून मॉरिशसला विमान सहा-सात तासांत पोचते. जग असे जवळ आले आहे, तर वऱ्हाडी माणसाने अवश्य जावे. फक्त कुठे जातो आहोत हे त्याला कुणीतरी सांगावे, एवढेच माझे म्हणणे आहे. ते सांगण्याचे काम ज्यांचे, तेच ते लपवून ठेवतात.

मॉरिशसचेच घ्या. हा देश एवढासा, की आमच्या एकट्या अमरावती जिल्ह्यात असे जवळजवळ सहा देश मावतील. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे अकोला जिल्ह्याहूनही कमी. आणि २०२४ साली तिथे आलेले प्रवासी होते सुमारे १३ लाख ८० हजार. घरधन्यापेक्षा पाहुणे जास्त! अशा घरात पाहुण्याने घरधन्याचे नावही विचारू नये, याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको.

त्या घरधन्याची कहाणी आपल्याला परकी नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाचे जहाज छत्तीस हिंदी मजुरांना घेऊन तिथे लागले. गुलामगिरी कायद्याने बंद होत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. तिथून पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे गिरमिटावर अंगठा उठवून त्या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसेही होती. कारकुनाने बापाचे नाव विचारले, तेच पुढे पिढ्यान् पिढ्या आडनाव होऊन बसले. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ज्या दगडी पायऱ्या चढून ही माणसे आत गेली, तो आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. २ नोव्हेंबरला तिथे आजही देशभर सुट्टी असते.

त्या मराठी माणसांचे नातू-पणतू आज तिथे आहेत. गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि मूर्ती डोक्यावर घेऊन मंडळी नदीवर, समुद्रावर जातात. कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' या नावाने अजून नाचली जाते. प्राथमिक शाळांतून मराठी शिकवतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे शिवछत्रपतींचा पुतळाही उभा राहिला. रस्त्यावर डाळ भरलेली 'धोलपुरी' मिळते. आपल्या पुरणपोळीची ती बिनगुळाची बहीणच म्हणा. आणि तरी बहुतेक घरांतून आता क्रिओल बोलली जाते. मराठी उरली आहे ती पूजेत, गाण्यात आणि शाळेच्या तासाला. म्हणजे शंभर-दीडशे वर्षे ज्यांनी आपली भाषा परक्या मातीत राखली, त्यांच्या हातून ती या पिढीत निसटते आहे. आणि नेमक्या याच वेळी आपल्या गावातून दर लग्नसराईला मराठी बोलणारी जोडपी तिथे जातात, हॉटेलच्या वाळूवर छायाचित्रे काढतात आणि एकही मराठी शब्द न बोलता परत येतात. वाटाड्याने सांगितलेच नाही, तर त्यांना तरी कसे कळावे?

यावर प्रवासी कंपन्यांचे उत्तर मला ठाऊक आहे. "गिऱ्हाईक विश्रांतीला जाते, इतिहास शिकायला जात नाही." ठीक आहे. पण गिऱ्हाइकीचे नाते किती टिकते, तेही पाहू. २०२४ च्या जानेवारीत मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांविषयी अनुदार उद्गार काढले. उद्गार निंद्यच होते. त्यांना पदावरून दूरही करण्यात आले. पण आपल्याकडे एका रात्रीत बहिष्काराची लाट उसळली. २०२३ साली दोन लाखांवर हिंदी प्रवासी तिथे गेले होते. २०२४ साली ते एक लाख तीस हजारांच्या आसपास आले. ज्या कोळ्याचा, नावाड्याचा, हॉटेलातल्या पोऱ्याचा त्या उद्गारांशी सुतराम संबंध नव्हता, त्याच्या पोटावर पाय आला. त्याची आठवण कुणालाच झाली नाही, कारण तो चित्रात कधी नव्हताच! रिकाम्या खुर्चीवर बहिष्कार टाकायला मनाला काय यातना होणार?

आणि हे चित्र निसर्गाच्या बाबतीत तरी खरे असते का? २५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' नावाचे जपानी मालकीचे जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळाच्या रांगेवर आदळले. पुढे त्यातून सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात सांडले. त्या वेळी किनारा वाचवायला झोळीत झोपणारे आले नाहीत. तिथले कोळी, विद्यार्थी, बायाबापड्या धावल्या. उसाचे पाचट कापडात भरून त्यांनी लांबच लांब वळकट्या शिवल्या आणि त्या पाण्यात सोडून तेल अडवले. ज्या उसासाठी त्यांच्या पूर्वजांना आणले, त्याच उसाच्या पाचटाने त्यांनी आपला समुद्र झाकला! पाट्यांवर छापायला याहून सुंदर चित्र मला सुचत नाही. पण ते कोणी छापणार नाही.

हे सगळे दुसऱ्या कुणाला समजले नाही तरी वऱ्हाडाला समजायला हवे. १८५३ साली इंग्रजाने निजामाकडून वऱ्हाड घेतला, तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे कापूस होता. त्याने रेल्वे आणली ती कापसासाठी, बाजार वसवले ते कापसासाठी. गाठीमागे शेतकरी आहे हे त्याच्या हिशेबात कधी आले नाही. आजही बाहेरून लोक आमच्याकडे येतात ते बहुधा आत्महत्यांचे आकडे टिपून घ्यायला, आणि टिपून झाले की परततात. आपल्याला कुणी असे एकाच शब्दात गुंडाळले की आपला संताप होतो. मग आपण दुसऱ्याच्या देशाला 'बीच' या एका शब्दात कसे गुंडाळतो?

बरे, परदेशाचे राहू द्या. आपण आपला मेळघाट कसा विकतो? जाहिरातीत वाघ असतो, चिखलदऱ्याचे धुके असते, गाविलगडाचा दरवाजा असतो. कोरकू माणूस त्यात शोधून सापडत नाही. व्याघ्रप्रकल्पासाठी ज्यांची गावे उठली, ते त्या चित्रात बसत नाहीत. आपण 'पॉइंट' पाहतो, कणीस खातो आणि अंधार पडायच्या आत घाट उतरतो. बेटाच्या जाहिरातवाल्याला दोष देताना हे आपले पाप झाकून ठेवता येणार नाही. माणूस वगळून भूमी दाखवायची ही खोड एकट्या त्याची नाही. त्याने तिचा धंदा केला, इतकेच.

तेव्हा माझे मागणे अगदी साधे आहे. सहा दिवसांच्या कार्यक्रमात एक दिवस आप्रवासी घाटासाठी आणि तिथल्या मराठी वस्तीसाठी राखा. तिथल्या मराठी मंडळांना आधी कळवा. पाहुणे येणार म्हटल्यावर मराठी घर दार लावून घेईल, असे मला वाटत नाही. जाणाऱ्यांच्या हाती विमा आणि न्याहारीच्या कागदांबरोबर त्या देशाची माहिती देणारी चार पाने द्या. तिथे कोणाचे राज्य होते, देश केव्हा स्वतंत्र झाला (१२ मार्च १९६८ रोजी), दुकानदाराला कोणत्या भाषेत नमस्कार करायचा, एवढे त्यात असले तरी पुरे. यात कंपनीचा तोटा एका पैचा नाही.

आणि जे यंदा जाणार आहेत, त्या नवपरिणीत मुलामुलींना एक सांगतो. पाटीवाले ऐकतील न ऐकतील, तुम्ही त्यांची वाट पाहू नका. सामानात पापड-लोणच्याशेजारी मुलांची चार मराठी पुस्तके टाका. तिथल्या एखाद्या शाळेत मराठीच्या तासाला जाऊन ती द्या. मास्तरांशी पाच मिनिटे बोला. तुमचे वऱ्हाडी त्यांना थोडे वेगळे वाटेल, त्यांचे मराठी तुम्हांला. हसाल दोघेही. मग खुशाल समुद्रावर जा आणि दोन खुर्च्यांवर बसा.